दोन पायऱ्या खाली थांबलेली माणसं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते तुमच्या पतसंस्थेचे संस्थापक स्वतः नोकरदार होते. दिवसभर कचेरी आणि संध्याकाळी पतसंस्था, असं त्यांनी आयुष्य काढलं. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय नोकरदाराच्याच जगण्यातला असावा, असं मला वाटलं. माझी सगळी नोकरी एका बँकेच्या कर्मचारी विभागात गेली. बढतीच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळावर मी बरीच वर्षं बसलो. टेबलाच्या त्या बाजूला बसून जे दिसलं, ते या बाजूच्या माणसांना कुणी सांगत नाही. ते सांगावं म्हणून आज उभा आहे.

कामचुकारांबद्दल मी बोलणार नाही. उशिरा येणारे, फाइल दाबून ठेवणारे, गिऱ्हाइकाला तीन खेपा घालायला लावणारे यांची बढती अडली तर ते बरंच झालं. मला बोलायचं आहे ते कामसू माणसांबद्दल. वेळेवर येणारा, हिशेब चोख ठेवणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसणारा असा एक तरी माणूस तुमच्या प्रत्येकाच्या ऑफिसात आहे. कदाचित तुमच्यापैकी बरेच जण तेच आहेत. हा माणूस आहे तिथेच का राहतो? त्याच्याहून कमी काम येणारा त्याचा साहेब कसा होतो?

१९६९ साली लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल या दोघांचं ‘द पीटर प्रिन्सिपल’ हे पुस्तक आलं. त्यातला सिद्धांत असा की कचेऱ्यांमध्ये माणूस चढत चढत अशा खुर्चीपर्यंत पोचतो, जिथलं काम त्याला झेपत नाही, आणि मग तिथेच बसून राहतो. जगभर हा सिद्धांत गाजला आणि त्यात तथ्यही आहे. पण आपल्याकडच्या बँका, कचेऱ्या, जिल्हा परिषदा पाहताना मला उलटीच काळजी वाटत आली. आपल्याकडे चांगली माणसं आपल्या कुवतीच्या दोन पायऱ्या खाली थांबतात. वरची जागा काही रिकामी राहत नाही. तिथे कुणीतरी बसतंच. त्या खुर्चीत बसणारा माणूस ठरवतो की म्हशीसाठी कर्ज मागायला आलेल्या बाईला बसायला सांगायचं की ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणायचं. म्हणून तुमची बढती हा फक्त तुमच्या पगाराचा प्रश्न आहे असं मी मानत नाही. तुमच्या काउंटरपुढे उभ्या असलेल्या माणसाचाही तो प्रश्न आहे.

पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बढती अडली की दोष माणसाच्या सवयीचाच, असं म्हणणं अन्यायाचं होईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली, आणि पुढे १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांच्या कोणत्या सवयीत खोट होती? १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातून एवढं शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तर कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद फेकत. शहरात राहायला जागा मिळेना. त्यांनी कोणती सवय बदलायला हवी होती? जात, धर्म, बाईपण, वशिला ही दारं बाहेरून बंद केलेली असतात. ती तोडायला कायदा लागतो, संघटना लागते, लढा लागतो. आज मी बोलतोय ते आतून लावलेल्या कड्यांबद्दल. त्या काढणं आपल्या हातात आहे, म्हणून बोलतोय.

पहिली कडी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सभ्य. ‘माझं काम बोलेल.’

काम बोलतं का हो? एक मुलाखत सांगतो. उमेदवार तालुक्याच्या गावातल्या शाखेतला हेड कॅशिअर, लिपिकातून अधिकारी होण्यासाठी आलेला. नोटबंदीला फार दिवस झाले नव्हते. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री घोषणा झाली, ३० डिसेंबरपर्यंत जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा भरून घ्यायच्या होत्या, आणि ते दिवस बँकेतल्या माणसांनी कसे काढले हे इथं बसलेल्या बँकवाल्यांना सांगायला नको. या गृहस्थांच्या शाखेचा अहवाल माझ्यासमोर होता. आसपासच्या शाखांमध्ये रेटारेटी झाली, एका ठिकाणी काच फुटली. यांच्या शाखेत काही झालं नाही. कारण सकाळी आठ वाजता शाखेच्या पायरीवर उभं राहून कुणीतरी वापरलेल्या स्लिपांच्या कोऱ्या पाठीवर टोकन नंबर आणि वेळ लिहून वाटत होतं. ज्याच्या चिठ्ठीवर दुपारी दोन लिहिलंय तो शेतावर जाऊन दोनला परत यायचा. पेन्शनरांची रांग वेगळी आणि त्यांना बसायला बाकं.

मंडळातल्या एका सदस्यानं विचारलं, “नोटबंदीच्या काळात तुम्ही शाखेत काय केलंत?”

“काही विशेष नाही सर. सगळ्यांनीच केलं.”

मला राहवलं नाही. मी विचारलं, “टोकनची कल्पना कोणाची?”

त्यांनी जरा थांबून उत्तर दिलं, “सर, साहेबांनी परवानगी दिली.”

कल्पना त्यांचीच होती. पायरीवर तेच उभे असायचे. पण मुलाखतीच्या तक्त्यात पुढाकार, निर्णयक्षमता, नेतृत्व असे रकाने असतात आणि त्यात गुण द्यायचे ते उमेदवार जे सांगतो त्यावर. न सांगितलेल्या गोष्टीला गुण कसे द्यायचे? तुम्हीच सांगा. त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या एका उमेदवारानं नोटबंदीवर दहा मिनिटं अस्खलित भाषण केलं. त्या काळात तो काउंटरवर नव्हताच. यादीत त्याचं नाव आलं.

तुम्ही म्हणाल, हा मंडळाचा दोष. आहेच. मंडळानं खोदून विचारायला हवं, आणि माझ्या परीनं मी विचारतही आलो. पण दिवसाला तीस-तीस माणसं समोरून जातात तेव्हा मंडळ प्रत्येकाच्या मनात शिरू शकत नाही. स्वतःची तारीफ स्वतः करू नये, असं आपल्याला लहानपणापासून घरात शिकवलेलं असतं आणि ती शिकवण वाईट नाही. पण घडलेली गोष्ट घडली तशी सांगणं ही तारीफ आहे का? कोर्टात साक्षीदार जे पाहिलं ते सांगतो, ती बढाई होते का? मुलाखतीत, आणि मुलाखतीच्या किती तरी आधी कागदावर, आपण आपल्या कामाचे साक्षीदार असतो. साक्षीदार गप्प बसला की खटला बुडतो.

कागदाचं बोलतो, कारण खरी बढती तिथेच ठरते. दरवर्षी गोपनीय अहवालाबरोबर, म्हणजे आपण ज्याला सीआर म्हणतो त्याबरोबर, स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म येतो. असे फॉर्म मी नोकरीभर वाचले. त्यातल्या निम्म्याहून अधिकांमध्ये एकच वाक्य असायचं : ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत व समाधानकारकरीत्या पार पाडली.’ शेजारच्याचा फॉर्म बघून उतरवलेलं, किंवा गेल्या वर्षीचं आपलंच. या वाक्यावर साहेब काय लिहिणार? ‘चांगला’ लिहितो आणि सही करतो. तलाठी कार्यालयात असाल तर लिहा की एप्रिलमध्ये फेरफाराच्या इतक्या नोंदी प्रलंबित होत्या, मार्चअखेर इतक्या उरल्या. शाळेत असाल तर लिहा की पटावरच्या कोणत्या मुलांची गळती थांबवली आणि कशी. एक साधी वही ठेवा. दर महिन्याच्या शेवटी तीन ओळी लिहा. मार्चमध्ये फॉर्म आला की आठवावं लागणार नाही.

आणि ‘चांगला’ हा शेरा चांगला असतो, या समजुतीत राहू नका. देव दत्त नावाचे एक अभियंता होते. सीमा रस्त्यांच्या सेवेत ते कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता व्हायचं तर पाच वर्षांचे शेरे ‘अति उत्तम’ हवेत, असा त्यांच्याकडे निकष होता. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना ‘चांगला’ शेरा मिळाला. तो त्यांना कुणी कळवलाच नाही, कारण प्रतिकूल शेरा तेवढा कळवायचा आणि ‘चांगला’ प्रतिकूल थोडाच असतो, असा रिवाज. त्या एका शब्दापायी त्यांची बढती गेली आणि कनिष्ठ पुढे गेले. ते लढत राहिले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तोवर ते निवृत्त झाले होते. न्यायालयानं सांगितलं की शेरा कोणताही असो, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, त्यावर दाद मागायची संधी दिलीच पाहिजे. आज केंद्र सरकारच्या नोकरीत अहवाल दाखवला जातो, आपल्या राज्यात ‘महापार’वर अहवाल ऑनलाइन भरले जातात. त्या एका माणसाच्या चिवटपणामुळे तुम्हाआम्हाला आपला शेरा वाचायचा हक्क मिळाला. आणि आपण काय करतो? वाचत नाही. ‘ब प्लस’ का, ‘अ’ का नाही, हे विचारायला साहेबाच्या केबिनपर्यंत जात नाही. ‘कशाला वाईटपणा घ्यायचा?’ मुदतीत लेखी म्हणणं मांडणं यात वाईटपणा कसला? तो तुमच्यासाठी एका माणसानं सगळी नोकरी पणाला लावून मिळवलेला हक्क आहे. कृपा करून तो वापरा.

दुसरी कडी. ‘माझ्याशिवाय हे टेबल चालत नाही.’

हे वाक्य आपण अभिमानानं म्हणतो. घरी सांगतो, ‘आज रजा टाकली तर तीन वेळा फोन आला.’ जुन्या फाइली कुठे आहेत हे मलाच माहीत, कॉम्प्युटरमधली ती एक्सेलची शीट मलाच कळते, ऑडिटरला उत्तर मीच देऊ शकतो. आता क्षणभर स्वतःला साहेबाच्या जागी ठेवून बघा. अशा माणसाला तो सोडेल का? बढतीची यादी येते, ऑर्डर निघते, आणि शाखाधिकारी फोन करून म्हणतो, ‘याला मार्चएंडपर्यंत रिलीव्ह करू नका, आमचं काम अडेल.’ मार्चएंड झाला की ऑडिट, ऑडिट झालं की पावसाळा. मुळात शिफारसच न करणं तर त्याहून सोपं. ज्यानं आपलं टेबल दुसऱ्या कुणाला शिकवलं नाही, त्यानं त्या टेबलाला स्वतःला बांधून घेतलं.

रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली बँकांना एक नियम घालून दिला. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न सांगता, किमान दहा कामाचे दिवस सलग सक्तीच्या रजेवर पाठवायचं. हेतू अफरातफर उघडकीला यावी हा. पण हा नियम लागू झाला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कुणाचं टेबल दहा दिवस सुरळीत चाललं आणि कुणाचं ठप्प झालं, हे सगळ्यांना कळलं. सुरळीत चाललं ते टेबल कुणाचं होतं? ज्यानं शेजारच्या नव्या मुलाला कामाच्या पद्धती लिहून दिल्या होत्या, पासवर्डच्या नियमांपासून ऑडिटच्या जुन्या शेऱ्यांपर्यंत सगळं समजावलं होतं, त्याचं. माणूस चार माणसं घडवू शकतो की नाही, हे बढती देताना बघायचं असतं, आणि त्याचा इतका चांगला पुरावा दुसरा मिळणार नाही.

तिसऱ्या कडीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे दुखतं. बदली.

इथल्या बँकवाल्यांना माहीत आहे, लिपिक आपल्या गावाजवळ नोकरी काढू शकतो. अधिकारी झाला, स्केल वन मिळालं, की पहिली पोस्टिंग कुठेही. नांदेडचा माणूस ओडिशात, साताऱ्याचा माणूस छत्तीसगडमध्ये. महसुलात, जिल्हा परिषदेत बदली जवळची असते, पण असते. म्हणून प्रमोशनचा फॉर्म येतो आणि आपण तो भरत नाही. मुलगी दहावीला आहे, आई अंथरुणाला आहे, फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, बायकोची नोकरी इथे आहे.

ही कारणं खोटी आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. आईच्या उशाशी बसण्यासाठी ज्यानं बढती सोडली त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. बायकांच्या बाबतीत तर बढती घेतली की घर मोडतं आणि नाही घेतली की ‘बायका पुढे येत नाहीत’, अशी दोन्हीकडून कोंडी असते. अरुंधती भट्टाचार्य १९७७ साली स्टेट बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागल्या आणि २०१३ साली त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्यांनीही एका बदलीच्या वेळी मुलीच्या शाळेपायी नोकरी सोडण्याचा विचार केला होता, हे त्यांनीच सांगितलं आहे. त्यांना वेळेवर धीर देणारं माणूस भेटलं. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी मुलांच्या संगोपनासाठी आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीसाठी स्त्रियांना दोन वर्षांपर्यंत रजा घेता येईल अशी सोय केली. जिनं अडचण भोगलेली असते तिच्या हातात अधिकार आला की नियम कसे बदलतात, ते बघा. बायका वर जायला हव्यात, असं मी म्हणतो त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे. आपण नकार दिला तो विचार करून दिला, की सवयीनं? मुलगी दहावीला होती तेव्हा नाही म्हटलं, ते बरोबर. ती बारावीला गेली, इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. फॉर्म दर वेळी येतच होता. आपण दर वेळी नाही म्हणत होतो आणि कारण विचारलं तर अजून ‘घरच्या अडचणी’ म्हणत होतो. पहिला नकार निर्णय होता. नंतरचे सगळे नुसते घडत गेले. आणि नकाराची किंमत मोजावी लागतेच. केंद्र सरकारच्या नोकरीत एकदा बढती नाकारली की वर्षभर पुन्हा देऊ करत नाहीत, आणि मधल्या काळात बढती घेतलेला कनिष्ठ सहकारी तुमच्यावर जातो. बँकेत वय वाढतं तशी स्केल वनच्या पुढे जायला लागणारी सेवेची वर्षं आटत जातात. पंचेचाळीसाव्या वर्षी मन तयार होतं तेव्हा फार वर पोचायला नोकरी उरत नाही.

या गोष्टीकडे जरा मोठ्या पटावरून बघू. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या आठ हजारांच्या थोड्या वर शाखा होत्या. १९९१पर्यंत त्या साठ हजारांवर गेल्या. त्या वीस-बावीस वर्षांत जे लिपिक गडचिरोलीत, धडगावात, कोकणच्या आडगावात जायला तयार झाले, तेच पुढे विभागीय व्यवस्थापक झाले. पुढे भरती जवळजवळ थांबली, २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्ती योजनेत मोठ्या संख्येनं माणसं बाहेर पडली आणि मधल्या वयाची फळीच पातळ झाली. सरकारी बँकांच्या मनुष्यबळाचा विचार करायला नेमलेल्या खंडेलवाल समितीनं २०१० साली बजावलं की पुढच्या काही वर्षांत वरचे अधिकारी मोठ्या संख्येनं निवृत्त होतील, त्यांच्या जागी माणसं तयार करा. म्हणजे जागा होत्या. जागा आजही आहेत. माझ्या मंडळासमोर लांबच्या राज्यांतून येणाऱ्या तिशीच्या आतल्या मुलांची रांग असायची आणि आपल्या जिल्ह्यातल्या, कामात त्यांच्याहून सरस असलेल्या माणसांचे फॉर्मच आलेले नसायचे. त्या मुलांचा मला राग कधी आला नाही. ती घर सोडून आली होती. पण शाखेत बसून सोयाबीनच्या कर्जाचा अर्ज तपासताना इथल्या शेतकऱ्याची भाषा त्यांना कळत नाही, आणि ज्याला कळते तो समोरच्या काउंटरवर पासबुक छापत बसलाय, हे पाहून जीव तुटायचा.

म्हणून मी एवढंच सुचवतो. दरवर्षी फॉर्म आला की घरी बसा, नवरा-बायको दोघं, आणि मुलं मोठी असतील तर तीही. या वर्षी काय बदललंय ते बोला. तीन वर्षांसाठी जाऊन परत येता येईल का? आईला काही महिने भावाकडे ठेवता येईल का? नाही जमत? मग नाही. पण ते ‘नाही’ दर वर्षी नव्यानं ठरलेलं असू द्या.

चौथी गोष्ट मी विशेष करून भगिनींसाठी सांगतो, पण साहेब मंडळींनीही ती नीट ऐकावी.

अमेरिकेत लिंडा बॅबकॉक, लीसे वेस्टरलुंड आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी तिघांचा गट. प्रत्येकाच्या पुढे कॉम्प्युटरवर एक बटण. दोन मिनिटांत कुणीच बटण दाबलं नाही तर तिघांना एकेक डॉलर. एकानं दाबलं तर बाकी दोघांना दोन-दोन डॉलर आणि दाबणाऱ्याला फक्त सव्वा. म्हणजे कुणीतरी दाबावं असं सगळ्यांना वाटतं, पण दाबायचं कुणालाच नसतं. स्त्री-पुरुषांच्या मिश्र गटात बटण बायकांनी पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त वेळा दाबलं. मात्र गट नुसत्या पुरुषांचा असला की पुरुष दाबत, आणि नुसत्या बायकांचा आणि नुसत्या पुरुषांचा गट यांत फरक उरत नसे. म्हणजे हा स्वभावाचा भाग नाही. समोर बाई दिसली की ती करेल, असं सगळे धरून चालतात. तीही धरून चालते.

आता आपल्या ऑफिसात बघा. निरोप समारंभाची वर्गणी कोण गोळा करतं? शाल-श्रीफळ कोण आणतं? महिला दिनाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, गणपतीची आरास, दारातली रांगोळी, बैठकीचं इतिवृत्त, नव्या साहेबांच्या स्वागताचा पुष्पगुच्छ? ही कामं हलकी आहेत असं मी म्हणत नाही. ऑफिस माणसांचं होतं ते या कामांमुळेच. पण गोपनीय अहवालात यासाठी रकाना नाही. ज्या दुपारी एक बाई वर्गणीचा हिशेब जुळवत असते, त्याच दुपारी तिच्या शेजारचा सहकारी विभागीय कार्यालयात नव्या कर्ज योजनेचं सादरीकरण करून येतो. तेव्हा भगिनींनो, होकार द्यायच्या आधी विचारा : हे काम पाळीनं का करू नये? या वर्षी मी, पुढच्या वर्षी तो. आणि साहेब लोकहो, त्या प्रयोगात बटण दाबायला सांगणारा साहेब नेमला तेव्हा पुरुष साहेब आणि बाई साहेब, दोघांनीही जास्त वेळा बाईलाच सांगितलं. पाळी लावणं तुमच्या हातात आहे.

पाचवी गोष्ट परीक्षांची. लांबवत नाही, कारण तुम्हाला ती माहीत आहे. बँकवाल्यांसाठी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी आहेत. १९२८ साली मुंबईत सुरू झालेली संस्था त्या घेते, आणि पास झालं की जादा वेतनवाढही मिळते. महसुलातल्या कारकुनाला दुय्यम सेवा परीक्षा आहे, आणि अव्वल कारकून किंवा मंडळ अधिकाऱ्याला नायब तहसीलदार व्हायचं तर महसूल अर्हता परीक्षा. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या संधींत पास झालं नाही तर ज्येष्ठता खाली जाते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी ‘या वेळी राहू दे, पुढच्या वेळी बसतो’. का? अभ्यासाची सवय मोडलेली असते आणि नापास झालो तर ऑफिसात कळेल, ही लाज असते. नवीन लागलेली मुलं पहिल्या दोन वर्षांत परीक्षा उरकतात, तेव्हा त्यांच्या बाजूला बसून वाचायला चाळिशीतल्या माणसानं संकोच का करावा?

आणखी एक. बैठकीत गप्प आणि चहाच्या टपरीवर बोलका, असा माणूस तुम्ही पाहिला असेल. बैठकीत साहेब विचारतात, ‘कुणाला काही सुचवायचंय?’ सगळे वहीत बघतात. बाहेर आल्यावर तोच माणूस सविस्तर सांगतो की ही योजना आपल्या गावात का चालणार नाही, वसुलीची तारीख ऊसबिलाच्या आधी ठेवली तर थकबाकी वाढणार. त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर असतं! पण ते ऐकायला टपरीवर निर्णय घेणारं कुणी नसतं. बरेचदा कारण भाषेचं असतं. बैठक हिंदी-इंग्रजीत चाललेली, आणि आपलं वाक्य चुकेल ही भीती. मोडकं बोला, पण तिथे बोला. मंडळावर मी जितकी वर्षं बसलो, त्यात इंग्रजी कच्चं म्हणून कुणाचा मुद्दा कमी धरलेला मला आठवत नाही. मुद्दाच आला नाही म्हणून गुण गेलेले मात्र रोज पाहिले. हिंजवडीत नोकरी करणारी तुमची मुलंही तेच सांगतील. तिथे शुक्रवारच्या कॉलवर जो बोलत नाही, त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर सांगितलं जातं.

आता पतसंस्थेच्या संचालकांना एक विनंती करतो आणि थांबतो.

दरवर्षी वार्षिक सभेत तुम्ही सभासदांच्या गुणवंत पाल्यांचा सत्कार करता. दहावी-बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना प्रमाणपत्र आणि रोख बक्षीस देता. फार चांगली गोष्ट आहे, ती चालू ठेवा. पण त्याच व्यासपीठावर येत्या सभेपासून त्या सभासदांनाही बोलवा ज्यांनी या वर्षी खात्याची परीक्षा पास केली, सीएआयआयबी पूर्ण केली, पन्नाशीत पहिल्यांदा बढतीचा फॉर्म भरला. मुलांच्या देखत आई-वडिलांचा सत्कार होऊ द्या. शिक्षण कल्याण निधीतून परीक्षा फीची अर्धी रक्कम देता येईल, उपविधीत बसतं का ते पाहा. संस्थेची वरच्या मजल्यावरची खोली संध्याकाळी रिकामी असते, असं मघाशी अध्यक्षांनी सांगितलं. तिथे दर शनिवारी सहा ते आठ मुलाखतीचा सराव घेता येईल. पाच-सात निवृत्त अधिकारी या गावात आहेत. त्यांना मी विचारलंय आणि त्यांनी होकार दिलाय. मी स्वतः महिन्यातल्या पहिल्या शनिवारी येईन. स्वयंमूल्यमापनाचा कोरा फॉर्म आणि या वर्षी केलेल्या कामांची यादी घेऊन या. ‘नेमून दिलेली सर्व कामे’ हे वाक्य खोडून त्या जागी काय लिहायचं, ते आपण दोघं मिळून लिहू.